देवकाबाई वाळवंटात जेवायला निघाल्या

तळेगाव (श्यामजी पंत)
९ फेब्रुवारी

चि. आकांक्षा, काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तुझ्या काकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "एप्रिलात आठवडाभर इकडे ये, वाळवंट बघ आणि पोटभर खा" इथपर्यंत आले आणि चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "पोट्टीचं डोकं उन्हानं फिरलं का वो? लोकं एप्रिलात चिखलदऱ्याले जाते, अन् थे तुले फलोदीले बलावून राह्यली!"

मी म्हटलं, फिरू द्या. मी जाणार.

त्याचं कारण सांगते. फोनवर आपण तब्येतपाणी बोलायचं आणि खरं काय ते पत्रात लिहायचं, हा नेम तू वर्ध्याच्या होस्टेलात होतीस तेव्हापासून आपण पाळला आहे, म्हणून लिहिते. पंचवीस-तीस वर्षं मी लोकांच्या लग्नात मडक्यावरच्या रोट्या करते आहे. तळेगाव, आष्टी, कारंजा, आर्वी, कुठं म्हणून गेले नाही! ज्यांनी बोलावलं त्यांनी रांधायला बोलावलं. देवकाबाई, नुसती खायला ये, असं म्हणणारी तू पहिलीच. पत्र वाचून झाल्यावर मी शेंगा सोलायच्या सोडून टरफलं टोपल्यात आणि दाणे बाहेर टाकत होते म्हणे. तुझे काका हे साऱ्या गावाला सांगत फिरत आहेत.

आता तुझ्या उन्हाबद्दल. "इकडचं ऊन फार कडक आहे, झेपेल का बघ" असं तू लिहिलंस. अगं, कोणाला सांगतेस? उन्हाळ्यात आपल्या वर्ध्याचं नाव रोज पेपरात असते. भर मे महिन्यात दोन चुलींच्या मधात बसून रोट्या भाजणाऱ्या बाईला उन्हाची भीती दाखवू नकोस. तुमचं वाळवंट असेल मोठं, पण ते अजून चुलीपाशी बसलेलं नाही.

काका येणार नाहीत. संत्र्याचा आंबिया बहार आहे, पाणी द्यावं लागते, बगीचा सोडून जाता येत नाही. तुझा आदेशदादा मला घेऊन येईल. तिथं काय काय खायला मिळते ते नीट लिहून पाठव. मला पोटाची तयारी करायची आहे.

तुझी,
काकू

---

फलोदी
२० फेब्रुवारी

प्रिय काकू,

तू "जाणार" म्हणालीस! आमच्या सौर प्रकल्पावर मी आज सगळ्यांना पेढे वाटले. इथले पेढे वेगळे असतात, पण त्याबद्दल तू आल्यावर बोलू, नाहीतर तू आत्ताच दोन पानी टीका लिहून पाठवशील.

ऐक. पहिला मुक्काम जोधपूर. गाडीतून उतरल्या उतरल्या मिरचीवडा. हाताच्या पंजाएवढी मिरची, आत बटाट्याचं सारण, वर बेसनाचं जाड पांघरूण. मग कांद्याची कचोरी आणि माखनिया लस्सी, इतकी घट्ट की चमचा उभा राहतो. मग बिकानेर, तिथे भुजिया आणि रसगुल्ले. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, गुंजनचं घर.

गुंजन माझ्यासोबत काम करते. तिच्या घरचे फलोदीपासून थोडं आत एका ढाणीवर राहतात. ढाणी म्हणजे शेतातली चार-पाच घरांची वस्ती. तिच्या आईच्या हातचं जेवण जेवायला लोक लांबून येतात. बाजरीचा सोगरा, म्हणजे आपल्या भाकरीचा जाडजूड भाऊ, त्यावर तुपाची धार आणि लसणाची चटणी. गट्ट्याची भाजी, म्हणजे बेसनाच्या वड्या ताकाच्या रश्श्यात. बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली राबडी, कढी, खिचिया पापड. आणि केर-सांगरी.

एप्रिलच का, ते त्यासाठी. वर्षभर सगळीकडे वाळवलेली सांगरी मिळते. हिरवी मिळते ती फक्त चैत्र-वैशाखात, झाडावरून काढून त्याच दिवशी शिजवलेली. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची बारीक आंबट फळं, आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे आपली शमी, काकू! बाकी सगळं जळून जातं तेव्हा हे झाड हिरवं होतं. इथल्या बायका म्हणतात, दुष्काळात याच झाडानं आमच्या आज्यांना जगवलं. मी पहिल्यांदा खाल्ली त्या दिवशीच ठरवलं की ही तुला खायला घालायची.

ऊन झेपेल, मान्य. पण इथली हवा कोरडी आहे, घाम आलेला कळतसुद्धा नाही. सुती पातळं, डोक्याला पांढरा दुपट्टा, पाण्याची बाटली आणि कांदा एवढं आण. बाकी काहीही आणू नकोस. मी तुला ओळखते. खायला येते आहेस, खायला घालायला नाही.

तुझी,
आकांक्षा

---

तळेगाव
३ मार्च

चि. आकांक्षा, आशीर्वाद.

तुझं पत्र मी सीताबाईला वाचून दाखवलं. ती अजून माझ्यासोबतच रोट्यांना असते, आता गुडघे कुरकुरतात, पण हात तोच आहे. शमीच्या शेंगांची भाजी ऐकून ती कानाला हात लावून म्हणाली, "केळझरच्या गनपतीले आपुन शमी वाह्यतो वो बाई, अन् हे लोकं तिची भाजी करून खाते!" मी म्हटलं, देवानं झाड दिलं ते माणसानं उपाशी मरावं म्हणून नाही दिलं. मला तर ते ऐकून त्या बायकांबद्दल मोठा आदर वाटला. जिथं काही उगवत नाही तिथं चार पदार्थ मांडणं म्हणजे खरी सुगरण. भरल्या घरात कोणीही रांधते.

बाकी तुझे गट्टे म्हणजे आपली पाटवडी, हे मला लगेच समजलं. राबडी म्हणजे आंबील. सोगरा तू सांगितलासच. मी तुझ्या काकांना म्हटलं, हे लोक आपलेच दिसतात, फक्त पाऊस कमी पडल्यामुळं दूर राहिले.

आता तयारी. बाकी काही आणू नकोस म्हणालीस. बरं. पण पाव्हण्याकडे रिकाम्या हातानं जायची आपल्यात रीत नाही, तेव्हा थोडंसंच घेतलं आहे. कुरड्या, ज्वारीचे पापड, मुगाच्या वड्या, सांडगी मिरची, भिवापूरच्या मिरचीचं तिखट, अंबाडीची सुकवलेली भाजी आणि वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटं. आदेश म्हणतो, "माय, आपुन खायले चाल्लो का दुकान लावाले?" त्याला काय कळते.

आणि मुख्य गोष्ट. आष्टीच्या कुंभाराकडून मी नवं मडकं घेतलं. चांगलं खणखणीत वाजवून घेतलं, आवाजच असा की ऐकून समाधान व्हावं. आठ दिवस तेलपाणी करून चुलीवर तापवते आहे. गोधडीत गुंडाळून गाडीत मांडीवर घेऊन बसेन, फुटणार नाही. बन्सी गव्हाचं पीठही आणते, तिकडचं पीठ ताणलं जाते का नाही कोण जाणे. त्या गुंजनच्या आईनं मला सांगरी खायला घालायची आणि मी तिला कोपरापासून बोटांपर्यंत लांब अशी एक रोटी हातावर झुलवून मडक्यावर टाकून दाखवायची. वर्धा जिल्ह्याचं नाव राजस्थानात निघालं पाहिजे. तुझे काका आत्तापासून पानटपरीवर सांगतात, "आमची मंडळी राजस्थानले रोट्या शिकवाले चाल्ली."

मला मात्र खरं सांगायचं तर आतून भीती वाटते. कशाची ते समजत नाही. उन्हाची नक्कीच नाही.

तुझी,
काकू

---

फलोदी
१२ मार्च

प्रिय काकू,

घाईत लिहिते आहे. प्रकल्पावर तपासणी आहे, सकाळपासून उन्हात उभी आहे, आणि तरी हे आजच टाकायचं आहे.

मडकं आणू नकोस. खरंच आणू नकोस. पीठही नको. आणि आणखी एक, हे महत्त्वाचं आहे. गुंजनच्या घरी गेल्यावर तू लग्नात रोट्या करतेस हा विषय काढू नकोस. आदेशदादालाही सांगून ठेव. कोणी विचारलं तर तू माझी काकू, एवढंच. मी तुझ्या पाया पडते, पण माझं एवढं ऐक.

सविस्तर नंतर लिहिते.

तुझी,
आकांक्षा

---

तळेगाव
१९ मार्च

आकांक्षा,

तुझं पत्र मिळालं. उत्तर देणार नव्हते. तुझे काका म्हणाले, मनात ठेवून आजारी पडशील, लिहून टाक. म्हणून लिहिते.

तू पाचवीत आमच्याकडे आलीस, कारण तुझ्या आईबापाच्या गावात पुढची शाळा नव्हती. तेव्हापासून तुला पुतणी कधी म्हटलं नाही, आदेशच्या मागं जन्मलेली माझी मुलगी म्हटलं. तू शिकलीस, मोठी झालीस, सूर्यापासून वीज काढायला लागलीस, तेव्हा मी आष्टीच्या बाजारात भाजी घेताना भाजीवालीलासुद्धा सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

आता तू म्हणतेस, माझं काम कोणाला सांगू नको.

काय लपवायचं आहे त्यात? मी चोरी केली का? अख्ख्या तालुक्यात विचार, देवकाबाईची रोटी कशी असते. वाऱ्यावर धरली तर पलीकडचं दिसते. माझ्या हाताला कोपरापर्यंत चटके आहेत आणि मी बाही कधी खाली ओढली नाही. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, दोघंही लग्न ठरलं की आधी माझ्याकडे येतात, मग मंडपवाल्याकडे. हे मी मिरवण्यासाठी नाही लिहीत. बरं, मिरवण्यासाठीच लिहिते. मला मिरवायचा हक्क आहे.

एकच विचारते, आणि फोनवर नाही, पत्रातच उत्तर दे. तुझ्या हापिसातल्या लोकांसमोर तुला माझी लाज वाटते का?

वाटत असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. पण मग मी येणार नाही. आदेशला अजून तिकिटं रद्द करायला सांगितलेलं नाही, तुझं पत्र आल्यावर सांगेन. कुरड्या पोस्टानं पाठवून देईन, त्यांचा काही दोष नाही.

देवका

---

फलोदी
२५ मार्च

काकू,

तुझ्या सहीच्या जागी नुसतं "देवका" वाचून मी जेवणाचा डबा तसाच बंद केला. आधी उत्तर देते, मग बाकीचं लिहिते.

नाही. नाही वाटत. कधी वाटली नाही.

आता ऐक. घाईत दोन ओळींत लिहिलं, ते असं वाचलं जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू सगळं उलटं समजलीस. ढाणीवर सगळ्यांना आधीच माहीत आहे. मीच सांगितलं आहे. वर्षभर सांगते आहे. तुझा रोटी झुलवतानाचा व्हिडिओ, आदेशदादाने कारंज्याच्या लग्नात काढलेला, गुंजनच्या घरी इतक्या वेळा बघितला गेलाय की तिची लहान चुलत बहीण ओढणी हातावर घेऊन तशीच झुलवत फिरते. तू येणार म्हटल्यावर गुंजनच्या आईनं काय केलं माहीत आहे? तुझ्यासाठी अंगणात नवी चूल घातली. मडकं सांगून ठेवलं. आजूबाजूच्या ढाण्यांवरच्या बायकांना निरोप गेले, की महाराष्ट्रातून रोटीवाली येते आहे, बघायला या.

ते ऐकलं आणि मी घाबरले, काकू.

कारण मला दिसलं की काय होणार. तू जाशील, पाणी पिशील, आणि पदर खोचून चुलीपाशी बसशील. बायका बघत बसतील, वाहवा करतील, सगळे जेवतील. तू सगळ्यांचं झाल्यावर जेवशील. राजस्थानात येऊनसुद्धा.

मी शाळेत होते तेव्हा तू मला लग्नांना घेऊन जायचीस. पिठाच्या पोत्याला टेकून मी बसायचे. मांडवातून आवाज यायचा, "रोट्या येऊ द्या!" आणि तू वर न बघता टाकत राहायचीस. पंगती उठायच्या, दुसऱ्या बसायच्या. शेवटी तुम्ही बायका मागच्या बाजूला बसायच्या, तेव्हा वांग्याच्या भाजीच्या गंजात रस्सासुद्धा उरलेला नसायचा. तू मिठासोबत रोटी खायचीस, वर हिरवी मिरची. मी विचारलं होतं, काकू, तुला भाजी नको का? तू म्हणालीस, "मले भूकच नाई वो. वासानंच पोट भरते." मी इंजिनीअर झाले, पुष्कळ गोष्टी शिकले, पण वासानं पोट भरतं हे मला कोणी पटवून दिलं नाही.

म्हणून हा सगळा खटाटोप. जोधपूरचा मिरचीवडा नुसतं निमित्त आहे. मला तुला पंगतीत बघायचंय. पहिल्या पंगतीत.

मी गुंजनच्या आईला हे सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या मारवाडीत सांगितलं, पण त्यांना समजलं. त्यांनी त्याच वेळी ठरवलं की पहिल्या दिवशी तू चुलीच्या आसपासही फिरकायचं नाही. इथे एक रीत आहे, मनुहार म्हणतात. पाहुणा जेवत असताना घरची माणसं स्वतःच्या हातानं त्याला घास भरवतात, नको म्हणाला तरी भरवतात. त्या म्हणाल्या, "म्हारे घर री पावणी है, पहले जीमसी." आमच्या घरची पाहुणी आहे, आधी जेवेल. आता काकू, तू तिथे गेल्या गेल्या स्वतःच रोट्यांचा विषय काढलास, तर पंचवीस बायका तुला उचलून चुलीपाशी नेतील. म्हणून म्हटलं, विषय काढू नकोस. मडकं आणू नकोस.

इथे येऊन एक दिवस नुसतं बस. पान समोर येईल, त्यावर वाढलेलं असेल, ते खा. एवढंच मागते आहे. जमेल का?

तुझीच,
आकांक्षा

---

तळेगाव
६ एप्रिल

चि. आकांक्षा, काकूचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकटीनं वाचलं. नंतर तुझ्या काकांना दिलं. ते वाचून गोठ्याकडे निघून गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्याले काऊन नाई सुचलं वो हे?" मलाही सुचलं नव्हतं.

माझ्या मागच्या पत्राबद्दल काही लिहीत नाही. तू समजून घे. मी रागाच्या भरात कुरड्या डब्यातून काढून ठेवल्या होत्या, त्या परत भरल्या आहेत.

आता मला समजलं, मागं मी कशाची भीती वाटते म्हणाले होते ते. मला पंगतीत बसता येत नाही. खरंच येत नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी काकांना म्हटलं, मला आज वाढा बघू. पाट टाकला, बसले. त्यांनी वरण वाढलं, मी मीठ आणायला उठले. त्यांनी मीठ आणलं, मी पाणी घ्यायला उठले. पोळी येईपर्यंत मी तव्याजवळ पोचले होते. ते ओरडले, "बस ना वो बाई! उठून काऊन राह्यली? राजस्थानवाले म्हनतीन, पाव्हनी हाय का हरीन?"

मग रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. आम्ही दोघं या वयात शाळा भरवतो. ते वाढतात आणि मी हात मांडीवर ठेवून बसते. त्यांचा स्वयंपाक म्हणजे काय सांगू. पिठलं इतकं घट्ट की वडी थापावी. वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा, आणि तेही कबूल करत नाहीत. पण मी खाल्लं. आता बऱ्यापैकी बसता येते. फक्त मागून घ्यायला अजून जमत नाही. भाजी हवी असली तरी "भाजी वाढा" असं तोंडातून निघत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं मागणं ऐकून तसं म्हणायची जीभच तयार झाली नाही. काका म्हणतात, "नाई मांगशीन त उपाशी राह्यशीन, मी त काई समजून देनार नाई." तरी देतातच.

आणखी एक गोष्ट घडली. आमच्या जाण्याच्या दिवसांतच आष्टीच्या एका मोठ्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं. घरचा कर्ता माणूस स्वतः आला, हात जोडून म्हणाला, "देवकाबाई, तुमच्याशिवाय मांडव कसा उठन?" मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. तो म्हणाला, कुठं चालल्या? मी म्हटलं, जेवायला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी सांगितलं, राजस्थानात एका घरी माझं जेवण आहे, मला पाव्हणी म्हणून बोलावलं आहे, माझ्या मुलीनं बोलावलं आहे, ती इंजिनीअर आहे. इतकं सांगून टाकलं की तो चहा न पिताच गेला. लग्नाचं काम सीताबाई बघेल. तिला नवं मडकं दिलं आणि सांगितलं, या वेळी बायांसाठी भाजी आधीच बाजूला काढून ठेवायला लावा, नाहीतर चूल पेटवू नका. तिनं मडकं बोटानं वाजवून बघितलं. मग म्हणाली, "हाव, सांगतो ना. भेतो का काय कोनाले!"

दोन नवी सुती पातळं घेतली. पांढरा दुपट्टा आहे. कांदे आहेत. केळझरला जाऊन गणपतीला शमी वाहून आले, म्हटलं, बाप्पा, तुझ्या झाडाची भाजी खायला चालले आहे, राग मानू नको.

पीठ घेतलेलं नाही. शपथ.

तुझी,
काकू

---

फलोदी
२२ एप्रिल

प्रिय काका,

काकूनं फोनवर तुम्हाला "पोचलो, बरे आहोत, ऊन आपल्याच सारखं आहे" एवढंच सांगितलं असणार. मी बाजूलाच होते. म्हणून खरं काय ते मी लिहिते. ती आणि आदेशदादा अजून दोन दिवस इथे आहेत. पण हे तुम्हाला ताजं कळायला हवं.

जोधपूरला मिरचीवडा खाऊन तिनं निकाल दिला, "मिरची पाहाले मोठी, तिखटाच्या नावानं बोंब." लस्सीला मात्र तिने मान दिला, दोन प्यायली. बिकानेरला भुजियाच्या कारखान्याबाहेर उभी राहून तेलाच्या वासावरून सांगत होती की झारा आता काढायला पाहिजे. तिथपर्यंत ती तुमची नेहमीचीच देवकाबाई होती.

काल ढाणीवर गेलो. आम्ही पोचलो तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. काकूनं सगळ्यांना नमस्कार केला आणि नवी चूल बघितली. तिचे हात पदराकडे गेलेसुद्धा. मग तिने हात खाली घेतले आणि मला म्हणाली, "कुठी बसू?"

खेजडीच्या सावलीत तिला बसवलं. समोर बाजोट, म्हणजे लाकडी चौरंग, त्यावर काशाचं ताट. गुंजनच्या आईनं स्वतः वाढलं. सोगरा, त्यावर तूप, गट्टे, कढी, आणि सकाळी त्याच झाडावरून काढलेली हिरवी सांगरी. घरातलं कोणी जेवायला बसलं नव्हतं. सगळ्या उभ्या होत्या, तिच्याकडे बघत. एकदा शेजारी बसलेल्या आदेशदादानं मीठ मागितलं तर काकू उठायला लागली. गुंजनच्या आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसवलं. अगदी तुमच्यासारखं.

मग त्यांनी सोगऱ्याचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला. "एक कवो म्हारे हाथ रो." माझ्या हातचा एक घास. काकूनं नको म्हणून मान हलवली नाही. तोंड उघडलं.

घास तोंडात गेला आणि ती थांबली. मला वाटलं तिखट लागलं. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आकांक्षा, पह्यल्या पंगतीत भाजी इतकी गरम राह्यते वो?"

काका, तिथे मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. आदेशदादा उठून विहिरीकडे गेला. मी गेले नाही. मला एवढा अभिमान वाटत होता की मला जागचं हलायचं नव्हतं. गुंजनच्या आईनं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. अंगणातल्या बायकांपैकी एकीनं पुढे येऊन काकूच्या सोगऱ्यावर आणखी तूप सोडलं. त्यांच्यातही लग्नात रांधणाऱ्या असतील.

शेवटी एका म्हातारीला राहवलं नाही. ती म्हणाली, आता तरी एक रोटी करून दाखव, आम्ही लांबून आलोय. काकूनं तिच्याकडे बघितलं, हसली आणि आपल्या वऱ्हाडीतच उत्तर दिलं, "उद्या दाखवतो, माय. पाह्यजे तितक्या दाखवतो. आज मी पाव्हनी हावो."

आणि मग, काका, तिनं आपली वाटी उचलली, पुढे केली आणि म्हणाली, "भाजी वाढा."

तुमची,
आकांक्षा